अर्धा आटा जास्त

नळमास्तरांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. नळ बसवायचे, गळती काढायची. आपण बसवलेला एकही सांधा आजवर गळला नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे आणि ते खरंही होतं. कारण इतरांचं आवळून झालं की मास्तर पान्याने आणखी अर्धा आटा फिरवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत छोटा लेथ आणून बसवला आणि रेझिनची शाईपेनं करायला घेतली. पेन म्हणजे शेवटी बारीकसा नळच, असा त्यामागचा थोर विचार.

रेझिनची दोन द्रावणं कालवून साच्यात ओतली की त्याची टणक कांडी होते. ती लेथवर कातायची, आतून पोकळ करायची, तोंडाशी आटे पाडायचे. मग दांडीत थेट शाई भरायची आणि निबाचा तुकडा वर फिरवून बसवायचा. मास्तरांची पेनं दिसायला देखणी होती. पण एक-दोन दिवसांत दांडीच्या तोंडाशी केसाएवढी चीर पडायची आणि शाई झिरपायला लागायची. थेंबभर गळती सहन न होणाऱ्या माणसाचा खिसा आता कायम निळा असायचा.

एरवी त्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं, पण आता पेन ताईसाठी हवं होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होती आणि शाळा सुटल्यावर गल्लीतल्या बायकांना सही करायला शिकवायची. कुणाला अंगठा उठवायला लागू नये, एवढाच तिचा हट्ट. गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि बारीक पेन बोटांत ठरेना. पेन्शनसाठी आपण हयात आहोत, अशी सही दर वर्षी बँकेत जाऊन करावी लागे. यंदा बँकेने निरोप दिला, अंगठा चालेल. त्याच संध्याकाळी ताई भावाला म्हणाली, "मला जाड पेन करून दे. अंगठा मी लावणार नाही."

मास्तर कामाला लागले. आधी त्यांनी मिश्रणाला दोष दिला आणि दोन्ही द्रावणं काट्यावर तोलून घेतली. चीर पडली. मग आपल्या उतावळेपणाला दोष दिला, कारण साचा उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. साचा आठवडाभर झाकून ठेवला, तरी चीर पडली. घासताना कांडी तापते म्हणून पाणी लावून घासलं, भोक पाडताना घाई केली नाही. पेनं आपली तडकतच राहिली. शेवटी त्यांनी उन्हाला दोष दिला, आणि देता देता त्यांचं त्यांनाच हसू आलं.

तेवढ्यात बायको साखरेचा डबा घेऊन आली. "अहो, एवढा उघडून द्या. तुम्ही लावलेलं झाकण मला कधी निघालंय?"

मास्तरांनी डबा उघडला आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. मग नवं पेन बायकोच्या हातात देऊन म्हणाले, हे तू बसव. तिने दोन बोटांनी फिरवलं, अडलं तिथे सोडून दिलं आणि साखर घेऊन गेली. ते पेन तडकलं नाही. आठवडा गेला तरी नाही. मास्तरांनी रेझिनला, हवेला, उन्हाला जाब विचारला होता. स्वतःच्या मनगटाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. ताईसाठी त्यांनी अंगठ्याएवढं जाड, गडद हिरवं पेन केलं. बसवलं बायकोने, आणि हात लावू नका अशी तंबीही दिली.

बँकेत जाताना बसमध्ये पेन मास्तरांच्या खिशात होतं. ताईच्या कागदावर डाग पडला तर, असं मनात आलं आणि हात खिशात गेला. टोपण निघालं, अर्धा आटा फिरला, टोपण परत बसलं. आत काहीतरी टक्कन वाजलं. आपण काय करून बसलो हे मास्तरांना कळेपर्यंत बस थांबली होती.

बँकेच्या खिडकीपाशी त्यांनी पेन बाहेर काढलं तेव्हा त्यांची बोटं निळी झाली होती. पलीकडचा कारकून भला माणूस होता. आजी, कशाला त्रास घेता, अंगठा द्या, असं म्हणत त्याने शाईचं पॅड पुढे सरकवलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने पॅड बाजूला केलं आणि भावाच्या हातातलं गळकं पेन ओढून घेतलं. कागद सरकू नये म्हणून मास्तरांनी तो दाबून धरला. मागे रांग वाढत होती. ताई एकेक अक्षर रेटत होती. जाड पेन तिच्या मुठीत बरोबर बसलं होतं. सही वाकडी झाली, पण पूर्ण झाली.

कारकुनाने कागद उचलला आणि चक्रावला. सहीच्या शेजारी एक ठळक निळा अंगठा उमटला होता. यातलं नेमकं काय धरायचं, असं त्याने विचारलं.

"सही माझी आहे," ताई म्हणाली. "अंगठा ह्याचा. लहानपणी ह्यालाही मीच शिकवलं होतं."

कारकुनाने हसून शिक्का मारला. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच बोटांनी डोळे पुसले. बसमधली माणसं आपल्या तोंडाकडे का बघतायत, ते त्यांना घरी पोचेपर्यंत समजलं नाही, आणि ताईने सांगितलं नाही.