मुक्या बोलपटाला संबळाची साथ

बार्शीपलीकडच्या वाशीला मी सरकारी शाळेत मास्तर होतो. राज्य निजामाचं, त्यामुळं दिवसभर पोरांना उर्दूतून शिकवायचं आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवायची, एवढंच माझं आयुष्य होतं. पेटी मला बरी वाजवता यायची. त्या बरेपणाचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला.

एका बाजारच्या दिवशी सकाळी बार्शीकडचा एक माणूस दारात आला. त्याचा फिरता सिनेमा होता. आडत व्यापाऱ्याचं कापसाचं गोदाम त्यानं घेतलं होतं, खिडक्यांना पोती ठोकून आत अंधार केला होता. खेळ दुपारचा, कारण बाजाराला आलेली माणसं उजेड आहे तोवर आपापल्या गावाला निघायची. सगळं जमलं होतं, फक्त येताना बैलगाडीच्या हिसक्यांनी मशीनचा आवाजाचा दिवा, म्हणजे ज्याच्या उजेडानं फिल्मच्या कडेवरचा आवाज वाचला जातो तो, फुटला होता. नवा दिवा सोलापूरहून यायला दोन आठवडे लागणार होते. चित्र दिसत होतं, पण बोलपट बोलत नव्हता.

"तुम्ही फक्त पेटी वाजवा," तो म्हणाला. "बोलायचं मी बघतो. सगळा खेळ पाठ आहे मला."

मी आधी चित्र बघायला मागितलं. तो मला रिकाम्या गोदामात घेऊन गेला. भिंतीपलीकडं विजेसाठी तेलाचं इंजिन सुरू केलं आणि ते धाडधाड आवाज करायला लागलं. पडद्यावर शास्त्राच्या चमत्कारांची गोष्ट होती. आता तसल्या सिनेमाला विज्ञानपट म्हणतात. एका माळावर आकाशातून लोखंडी गोळा पडतो. एक म्हातारा शास्त्रज्ञ त्याला कान लावून ऐकतो आणि दचकून मागं सरतो. मग गोळ्याचं दार उघडायला लागतं. ते इतकं सावकाश उघडतं, की तेवढ्यात माझा एक विडा लावून झाला असता. शेवटी आतून दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरचा कुणीतरी बाहेर येतो.

मला हसू आलं. आवाज नव्हता त्यामुळं गोळा पुठ्ठ्याचा आहे हे लख्ख दिसत होतं. दाराला बांधलेली दोरीसुद्धा दिसत होती. त्या पुठ्ठ्याचं लोखंड करायचं काम आवाजाचं होतं आणि ते आता माझ्या गळ्यात पडलं होतं. मी मालकाला सांगितलं, इंजिन लांब न्या, त्याच्या धडधडीत पेटी ऐकूच येणार नाही. तो म्हणाला, तार तेवढीच आहे.

भजनातला तबलजी सासुरवाडीला गेलेला. मग मालकानं माझ्याशी न बोलताच साथीला एक गोंधळी आणून बसवला. साठीचा माणूस, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ आणि कमरेला संबळ. संबळ म्हणजे देवीच्या गोंधळात वाजतो तो जोडीचा नगारा. एकदा कडाडला की बाजार हलतो. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणालो. मामांना मी समजावलं की सुरुवातीला अगदी बारीक, मग हळूहळू चढवत न्यायचं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती, हे मला नंतर कळलं.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच चित्रापासून मामा पूर्ण ताकदीनं वाजवायला लागले. शास्त्रज्ञ चहा पितोय, संबळ कडाडतोय. शास्त्रज्ञाची मुलगी केसात फूल माळतेय, तरी तसाच कडाडतोय. मी पेटीवरून हातानं खुणा केल्या, तर त्यांना वाटलं मास्तर रंगात आलेत. त्यात पडद्याशेजारी उभा राहून मालक घसा फोडून सांगत होता, "आता बघा, आता दार उघडणार! आत परलोकातला माणूस आहे, चेहरा तांब्याचा आहे, घाबरू नका!" दार तसूभरही हललं नव्हतं आणि लोकांना आतल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंगसुद्धा कळून चुकला होता. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

दार उघडायला लागलं तेव्हा मामा बेभान झाले होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूला गडबड झाली. एका म्हातारीच्या अंगात आलं होतं. केस मोकळे सोडून ती घुमत होती. तिचं तरी काय चुकलं? जन्मभर संबळ ऐकला तो देवीपुढंच. लोक पडद्याकडं पाठ करून बसले. कुणी हळद-कुंकू शोधायला बाजारात पळालं, कुणी म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. पडद्यावर तो परग्रहावरचा बिचारा एकटाच बाहेर आला. त्याच्याकडं बघायला मी आणि मशीनवाला, असे दोघंच होतो.

बाहेर पडलो तर दाराशी पोलीस जमादार उभे. परवाना सिनेमाचा आहे, आत गोंधळ कसा चाललाय, असं त्यांनी विचारलं. मालकानं माझ्याकडं बोट दाखवलं. गोंधळ नव्हता, ती आभाळातून पडलेल्या गोळ्याची साथ होती, हे मी त्यांना उर्दूत समजावून सांगितलं. इतकं अवघड उर्दू मी शाळेतही कधी बोललो नव्हतो.

पुढचा बाजार आठ दिवसांवर होता. मी मालकाला बजावलं, दाराच्या वेळी तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. त्याला ते पटेना. न सांगता लोकांना कळणार कसं, असं तो विचारत राहिला. कळू द्यायचं नाही, हेच तर काम आहे, असं मी पुनःपुन्हा सांगत होतो. शेवटी तो रुसूनच कबूल झाला.

मामांकडं मी त्यांच्या घरी गेलो. चार पानांवर कुठं काय वाजवायचं ते लिहून नेलं होतं. मामांनी पानं उलटसुलट करून बघितली आणि शांतपणे परत दिली. त्यांना वाचता येत नव्हतं आणि हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मग मी तोंडी सुरू केलं. इथं बारीक, इथं थांबा, इथं एकच ठोका. मामा ऐकत बसले आणि मी दमल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या गोळ्यात कोण हाय, हे त्या म्हाताऱ्याला ठावं हाय का?"

मी म्हणालो, नाही.

"मग म्या का सांगू? दारात कोण आलंय कळंना, तवा माणूस गप ऱ्हातो. आमी बी देवीला बोलवायच्या आधी गपच ऱ्हातो. तुमी मला म्हनला वाजवा, म्हून म्या वाजवलं. वाजवायचा तर संबळ बारीक वाजत न्हाई."

चार पानं भरून मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी त्या दिवशी गोदाम डोक्यावर घेतलं होतं. मला राग आला तो कुणाचा, हे मला अजूनही सांगता येत नाही. मामांनी बोट ओलं केलं आणि संबळाच्या कातड्यावरून हळूच घासलं. लांब कुठंतरी जनावर हंबरल्यासारखा आवाज निघाला. मी ती चार पानं घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या खेळाला गोदाम भरलं, पण बरेच जण म्हातारीच्या अंगात परत येतं का ते बघायला आले होते. चहा आणि फुलं मी साध्या पेटीवर निभावून नेली. मामा हात बांधून बसले होते. गोळा पडला तेव्हा त्यांनी एकच ठोका दिला. शास्त्रज्ञानं गोळ्याला कान लावला तेव्हा त्यांनी ओलं बोट कातड्यावरून फिरवलं आणि पुढं बसलेली माणसं खाता खाता थांबली. मी पेटीची एकच खालची पट्टी धरून ठेवली, भाता अगदी जपून हलवत. मग दार हललं. ठरल्याप्रमाणं मी पट्टी सोडली, मामांनी बोट उचललं.

आता सगळं शांत व्हायला हवं होतं. पण भिंतीपलीकडून इंजिनाची धडधड येत राहिली. मी दात-ओठ खात मालकाकडं बघितलं. आणि मग लोकांकडं बघितलं, तर ती धडधड कुणालाच इंजिनाची वाटत नव्हती. खेळ सुरू झाल्यापासून ती होतीच, पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आता ती गोळ्यातून येत होती. आत काहीतरी जिवंत होतं. एका शेतकऱ्यानं शेजाऱ्याचा दंड धरला. दोरी कुणाला दिसली नाही. दार उघडत राहिलं, उघडत राहिलं, आणि तांब्याचा हात बाहेर आला तेव्हा मामांनी दोन्ही काठ्या एकदम संबळावर आणल्या. अर्धं गोदाम उठून उभं राहिलं. मीसुद्धा दचकलो आणि पेटीवर भलतीच पट्टी दाबली गेली.

खेळ सुटल्यावर मालक म्हणाला, बघा, इंजिन हलवलं नाही ते बरं केलं की नाही? मी पेटीचा भाता मिटून ती उचलायला लागलो.

तिसऱ्या बाजाराच्या आधी सोलापूरहून दिवा आला. मी आणि मामा लोकांत बसून खेळ बघायला गेलो. खऱ्या आवाजात तो खेळ कसा असेल याची मला फार उत्सुकता होती. गोळा पडला तशी पडद्यामागच्या कर्ण्यातून तुताऱ्या, सारंग्या, झांजा सगळं एकदम फुटलं, आणि दार पूर्ण उघडेपर्यंत ते एकदाही थांबलं नाही. वर कुणीतरी चढ्या आवाजात देवाचा धावाही करत होतं. त्या कल्लोळात लोक निवांत शेंगा फोडत होते. माझ्यापुढचे दोघं बैलाच्या खुराबद्दल बोलत होते. दोरी मला पुन्हा स्पष्ट दिसायला लागली.

"दारात पावना उभा हाय," मामा माझ्या कानाशी म्हणाले, "अन् ह्येंनी वरात काढली."

बाहेर आल्यावर मी मालकाला गाठलं. एवढ्या एका प्रसंगापुरता आवाज बंद करा, आम्ही दोघं बसतो, फुकट बसतो, असं मी म्हणालो. त्यानं मला वेड्यात काढलं. एवढ्या लांबून दिवा आणला तो बंद ठेवायला का, असं विचारलं. ज्यानं खेळ बनवला त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असंही सुनावलं. गावातल्या दोघा-तिघांनी त्याला सांगितलं, की मागच्या बाजारी जास्त भीती वाटली होती. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गाड्या पुढच्या खेळासाठी लोहारा गावाच्या वाटेला लागल्या. मी शाळेत फळ्यावर हिशेब घालत होतो, खिडकीतून इंजिनाची गाडी जाताना दिसली. वर्गात पोरांचा नेहमीचा गलका चालला होता. मी खडू खाली ठेवला आणि काही न बोलता नुसता उभा राहिलो. जरा वेळानं सगळी पोरं गप्प झाली आणि माझ्याकडं घाबरून बघायला लागली.