लंबूचा डावा बूट

आमचे मोठे मामा फितूर होते, असं आजही कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मामा बूट शिवायचे. लढाईआधी बाजारातल्या दुकानात, लढाईत खंदकात. खांद्याला बंदूक आणि खिशात आरी-दोरा.

त्यांच्या धंद्यातल्या सगळ्यांना असते ती खोड त्यांनाही होती. बूट हातात आला की तोंडातून आपसूक निघायचं, "उद्या या." मामी चिडवायची, "लग्नालाही उद्या येतो म्हणाले असते, पण माझे वडील समोर उभे होते."

सणाच्या दिवशी दोन्हीकडच्या तोफा गप्प बसल्या. सण दोघांचा एकच. दुपारपर्यंत माणसं खंदकांतून वर आली, मधल्या मैदानात भेटली. कुणी सिगारेट पुढे केली, कुणी पोराबाळांचे फोटो दाखवले. तिथे शत्रूचा एक ताडमाड शिपाई लंगडत आला. आमच्या लोकांनी लगेच त्याचं नाव लंबू ठेवलं. सीमेवरचा असल्यानं त्याला आपली भाषा मोडकीतोडकी यायची. डाव्या बुटाचा सोल उचकटून लोंबत होता, बोटं थंडीनं काळीनिळी पडली होती. मामांनी बूट उलटसुलट करून पाहिला.

"पार भिजलाय रे. वाळल्याशिवाय टाका धरणार नाही. उद्या ये."

लंबूनं मान डोलावली, पायाला फडकं गुंडाळलं आणि गेला. उद्या सण नसणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी शेकोटीशी बूट वाळवून टाके घालताना मामांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

सकाळी गोळीबार सुरू झाला. मामा बूट घेऊन उठले.

"डोकं फिरलंय का?" साहेब ओरडले. "तो शत्रू आहे!"

"असेल. पण बूट मी घेतलाय ना? मी हात घातला नसता तर फाटका का होईना, त्याच्या पायात असता. या गारठ्यात पाय जाईल त्याचा."

आणि बूट डोक्यावर धरून मामा सरळ वर चढले. मामांनाच गोळी लागेल या भीतीनं आमच्या बंदुका थांबल्या. पलीकडच्यांनीही बूट ओळखला असावा. लंबू फडकं ओढत बाहेर आला, बूट पायात घातला, जमिनीवर आपटून पाहिला आणि हसला. मामा परत खंदकात उतरले, तेव्हा कुठे गोळीबार पुन्हा सुरू झाला.

मग चौकशी बसली. साहेब मनानं वाईट नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी मामांना बाजूला घेतलं. "चूक झाली, एवढं म्हण. प्रकरण मिटवतो. बायकोला सातवा महिना आहे तुझ्या, तुरुंगात गेलास तर तिच्याकडे कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी टेबलामागे तिघे अधिकारी बसले होते. मधल्यानं विचारलं, "तुझी चूक झाली, हे कबूल आहे?"

"आहे," मामा म्हणाले. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"घाईत टाचेकडचे दोन टाके ढिले राहिले," मामा म्हणाले. "पुन्हा भेटला तर नीट करून देईन."

माझ्या मामेबहिणीनं बापाला पहिल्यांदा पाहिलं ते आईच्या कडेवरून, तुरुंगाच्या गजांतून.