काकूंची पाचची जाग

“पहिले जेवून घे, मंग घाबर.”

ताट पुढे सरकवताना काकू एवढंच म्हणायच्या. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आलेली मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. काकू ते पुस्तक उचलून फ्रिजवर ठेवत आणि पुढ्यात वरण-बट्टीचं ताट येई. दोन-चार घास पोटात गेले की पोरीच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा.

मी बुऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजात परीक्षा विभागात बाबू आहे. आमच्याकडे भरतीच्या परीक्षांचं सेंटर असतं. बाहेरगावची मुलं बॅगा घेऊन गेटपाशी उभी राहतात आणि विचारतात, राहायचं कुठं, जेवायचं कुठं? तुमच्या गावातल्या कॉलेजच्या गेटवर तुम्हीही हे ऐकलं असेल. मुलांना मी स्टेशनजवळच्या लॉजकडे पिटाळायचो, पण एकटी मुलगी दिसली की कॉलेजमागच्या गल्लीकडे बोट दाखवायचो. तिथे काकूंची वरची खोली होती. पाटीबिटी काही नाही. भिंतीला भिंत लागून पावरलूमचा कारखाना, त्यामुळे पत्ता सोपा: जिथं कानठळ्या बसतील तिथं थांबायचं.

“काकू, या आवाजात झोप कशी लागते तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“कोनता आवाज?” काकूंनी खरोखरच कान टवकारले.

त्यांना जाग यायची ती आवाज थांबल्यावर. पहाटे पाचला कारखान्यात पाळी बदलायची, लूम पाव तास बंद राहायचे आणि काकू टक्कन उठून बसायच्या. घड्याळाचा गजर त्यांनी कधी लावला नाही. उलट मुक्कामाला आलेल्या मुलीचा मोबाइलही त्या काढून घेत, आवाज बंद करायला लावत आणि पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकत. “रातभर त्याच्यात डोकं घालशील तर पेपरात काय लिहशील? मी उठवते ना.” आणि उठवायच्याच. इतकी वर्षं मी मुली पाठवल्या, एकीलाही उशीर झाला नव्हता. म्हणूनच पुढचं मला आजही नीट सांगता येत नाही.

खकनारच्या पलीकडच्या खेड्यातली एक मुलगी शिक्षक भरतीच्या परीक्षेला आली होती. वडील तिला सोडून परत गेले. “सर, ही एकच परीक्षा,” ती मला गेटवर म्हणाली. “नाही झाली तर बाबा लग्न लावून देतील.” मी ऐटीत सांगितलं, काकूंकडे जा, निर्धास्त राहा.

त्याच संध्याकाळी गल्लीतली विजेची डीपी जळाली. लूम बंद, पंखे बंद. त्या शांततेत काकूंना पहाटेपर्यंत डोळा लागला नाही, आणि लागला तो असा की पाच वाजून गेल्याचं कळलंच नाही. पाचला थांबायला लूम चालू होते कुठे!

सकाळी गेटवर हजेरीची यादी माझ्या हातात होती. साडेआठला गेट बंद, हा नियम. सव्वाआठ झाले, तिच्या नावापुढे सही नाही. मी तिला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला. मोबाइल पिठाच्या डब्यात आहे हे मला माहीत होतं, तरी लावत राहिलो. गेट सोडून गल्लीत पळता येईना. साडेआठला मी माझ्या हातानं कडी घातली.

चार मिनिटांनी त्या दोघी आल्या. मुलीचे केस मोकळे, काकू अनवाणी.

“पोरीची गलती नाही, साहेब. माझी आहे,” काकू गजांना धरून म्हणाल्या. एरवी मला भाऊ म्हणायच्या. त्या दिवशी साहेब म्हणाल्या.

मी गेट उघडलं नाही. नियमाचा माणूस ना मी! मेलो तरी हे विसरणार नाही.

दुपारी त्यांच्याकडे गेलो. मुलीपुढे ताट होतं, तिनं हात लावला नव्हता. काकूंच्या तोंडून ते नेहमीचं वाक्य काही निघालं नाही. त्यांनी माझ्यापुढेही ताट ठेवलं.

आठवड्याभरात काकू बसनं त्या खेड्यात गेल्या. मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, “गलती मी केली, सजा पोरीला कामून? एक साल द्या तिला.” वडिलांनी कुरकुरत दिलं. ते वर्षभर काकूंनी कुणालाच ठेवून घेतलं नाही. “माझ्या कानाचा भरोसा नाही राहिला, भाऊ.”

पुढच्या वर्षी ती मुलगी मला न विचारताच काकूंच्या दारात उभी राहिली. तिनं चावीचं गजराचं घड्याळ आणलं होतं, ते ओट्यावर ठेवलं. “काकू, आता तरी नाही म्हणू नका.” पेपरच्या दिवशी मी गेट उघडलं तेव्हा रांगेत पहिली तीच होती, घट्ट वेणी घातलेली, शेजारी काकू. ती पास झाली. आता नेपानगरकडच्या शाळेत शिकवते. घड्याळ काकूंकडेच राहिलं आणि खोली पुन्हा मुलींसाठी उघडली.

यंदा दिवाळीनंतर काकू गेल्या. घर आवरताना त्यांच्या भाच्यानं ते घड्याळ माझ्याकडे आणून दिलं. काकू गेल्याचं कळल्यावर ती मुलगी कॉलेजात आली आणि माझ्या टेबलासमोर बसली.

“आवाज मोठा आहे का गं याचा?” मी विचारलं.

“माहीत नाही, सर. मला जाग आली तेव्हा काकू हे हातात घेऊन उभ्या होत्या. वाजायच्या आधीच बंद केलेलं.”

नंतरच्या मुलीही मला हेच सांगायच्या, काकूंनीच उठवलं. मी आपला समजत होतो, जुनी सवय. पेपरच्या आदल्या रात्री काकू झोपतच नव्हत्या, हे मला त्या टेबलापाशी बसून कळलं.

मुलीनं चावी दिली, गजराचा काटा फिरवला. घड्याळ असं खणखणलं की शेजारच्या खोलीतून दोघं-तिघं डोकावले. आम्ही दोघंही तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. बंद करायला कुणाचाच हात पुढे झाला नाही.