दोन फायलींचा क्रम

अंधेरीच्या ऑफिसात आमच्या सिनियरने कॉम्प्युटरवर चालवायची एक स्क्रिप्ट लिहिली होती. आधी नियमांच्या फाईलचं नाव द्यायचं, मग नव्या फाईलचं. त्या नियमांवरून ती पार्सरचा, म्हणजे मजकूर वाचून त्याचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड बनवायची. नावं उलटी पडली, तर गुपचूप नियमच पुसायची. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझं तीन दिवसांचं काम गेलं, तेव्हा सिनियर हसला. "सगळ्यांचं एकदा जातं गं. त्याशिवाय अक्कल येत नाही."

मी चिडून हा क्रम सगळ्यांसाठी लिहून ठेवला आणि स्क्रिप्टमध्ये क्रमाची तपासणी घातली.

महिन्याभराने तो माझ्या टेबलाशी येऊन ओरडला, "तुझ्या तपासणीने माझी स्क्रिप्ट अडवलीय. काढ ती, आत्ताच्या आत्ता!"

मी त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. नावं उलटी होती.

"काढली," मी म्हटलं. "चालव आता."