अक्काच्या गुलाबावरचे थ्रीप्स

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चहा येईपर्यंत माझी फजिती सांगूनच टाकतो. फक्त हसू आलं तर तोंड तिकडे करून हसा.

माझी थोरली बहीण, अक्का, साखर कारखान्याच्या कॉलनीत राहते. अंगणभर कुंड्या! गुलाब, शेवंती, मोगरा, मिरची. तिला आणि दाजींना सुरतला लग्नाला जायचं होतं. कुंड्या सांभाळायला विसरवाडीहून बोलावलं कोणाला? मला! निघताना दहा वेळा बजावलं, "भाऊ, येक बी झाड मरनं ना, तं मन्हा दारमा पाय ठेवू नको."

"अक्का, मी कळसाडी गावना कापूसमा वाढेल शे. माले झाडं शिकाडस का?"

झालं! दुसऱ्या सकाळी पाहतो तर गुलाबाच्या पानांवर बारीक बारीक काळे ठिपके. थ्रीप्स! म्हणजे फुलकिडे हो. डोळ्याला धड दिसत नाहीत, पानांचा रस शोषतात आणि मागे काळी घाण ठेवून जातात. खात्री करायची रीत सोपी. खाली पांढरा कागद धरायचा आणि फांदी झटकायची. मी झटकली. कागदावर काळे कण! फुंकर मारली तर चक्क पळाले!

आता मला सांगा, फुंकर मारल्यावर काय पळत नाही? पण हे तेव्हा सुचायला हवं ना!

अक्काला फोन लावला. तिकडे वरातीचा बँड जोरात. "काळं? ते तं रोजच पडस रे! फडकं मारी दे!"

रोजच? म्हणजे रोग जुना, आणि बाई निवांत!

मग मी पेटलोच. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं. निंबोळी तेल फवारलं. निळे चिकट सापळे टांगले. सकाळी पाहावं तर पानं पुन्हा काळी, आणि सापळेही काळे! शेवटी सगळ्या कुंड्या घरात घेतल्या. पलंगावर मोगरा, देव्हाऱ्यापाशी मिरची, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपलेला. पण काय आश्चर्य! घरात एका पानावर ठिपका नाही. म्हणजे कीड बाहेरून येते. आणि बाहेर काय? कंपाउंडवरून डोकावणारी शेजारच्या तात्यांची जास्वंद!

तडक गेलो. तात्या कारखान्यातून रिटायर झालेले, स्वभावानं अगदी गरीब. "तात्या, ही जास्वंद तोडनी पडी. नई तं अख्खी कॉलनीनी बाग जाई."

तात्यांचा चेहरा उतरला. "मन्ही मायनी लायेल शे रे भाऊ. रोज गणपतीले हाईच फूल ऱ्हास."

वाईट मलाही वाटलं. पण अक्काचा धाक त्याहून मोठा! तात्यांनी मुकाट्यानं घरातून कोयता आणून माझ्या हातात दिला. "पहिले माले तो किडा दखाड," म्हणाले, "मंग तोड."

मी कोयता खाली ठेवला, खिशातून पांढरा कागद काढला आणि जास्वंदीखाली धरला. "आते देखा हां!" फांदीला हात लावणार, तोच कागदावर अलगद एक काळा कण येऊन बसला. मग दुसरा. मग तिसरा.

अहो, फांदी मी अजून हलवलीच नव्हती!

तात्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी मिळून मान वर केली. वर कारखान्याचं धुराडं झोकात धूर सोडत उभं! गळिताचा हंगाम ना तो.

"भाऊ," तात्या म्हणाले, "हाई तं उसना चिपाडनी राख शे."

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! जास्वंद वाचली, गुलाब धडधाकट, आणि अक्काचं दार मला उघडं. तात्यांनी आधी कोयता आत नेऊन ठेवला, मग चहा टाकायला सांगितला. हसून हसून त्यांना ठसका लागला. "बरं व्हयनं, धुराडावर फवारणी कराले नई गया तू!"

अक्का परतली तर पानं लखलखीत. तिनं दाजींना हाक मारून दाखवली, "देखा, असी पानं कधी देखी का?" म्हटलं, निभावलं. पण तात्या कसले गप्प बसतात! कंपाउंडवरून त्यांनी सगळं रामायण सांगून टाकलं.

तेव्हापासून दरवर्षी कारखान्याचा बॉयलर पेटला की विसरवाडीला माझा फोन वाजतो. पलीकडून अक्का, गंभीर आवाजात:

"भाऊ, थ्रीप्स उनात. फडकं लई ये!"