तांब्यावरचा निळा

अन्सार पेंटरचा हात जितका नावाजलेला, तितकाच त्याचा भित्रेपणाही. यात्रा जवळ आली की तो ओतूरहून आमच्या वस्तीवर शर्यतीच्या बैलांची शिंगं रंगवायला येतो. आधी तांब्याच्या पुडीचा एक हात, तो वाळला की वर पातळ निळा. सावलीत शिंग निळंच दिसतं; बैलानं उन्हात मान वळवली की आतून तांबूस ऊब उजळते.

रंगवताना तो मालकाचं घोंगडं पांघरतो. ओळखीचा वास आला की बैल निवांत राहतो.

यंदा आमचे शेजारी यमाजी यांच्या बिजल्याला तांब्याचा हात देऊन झाला, आणि यमाजी गाड्याचं चाक आणायला गेले. मी कुंपणापाशी उभी होते.

"रतनवहिनी, दादांना येऊ द्या," अन्सार म्हणाला. "मला भीती वाटते."

"दरसाली त्येच!" यमाजींची बायको हसली. "शिंगं रंगवता का लांबनं नमस्कार करता? ह्ये घ्या घोंगडं."

घोंगडं पांघरून तो गोठ्यात गेला. डावं शिंग निळं झालं. मग बिजल्यानं घोंगडं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि फुत्कारला. दुसऱ्याच क्षणी अन्सार भिंतीला चिकटला होता. एक शिंग या बरगडीशी, दुसरं त्या. रंगाचा डबा घरंगळला. माझा हात फाटकाच्या कडीवर होता, पण कडी काही काढवेना.

रतनबाईचा चेहरा उतरला. "घोंगडं धुतलं म्या काल. यात्रा म्हनून, साबण लावून."

"कुणी हलू नका," अन्सार पुटपुटला. आवाज कसला, नुसता श्वासच.

तिनं खुंटीवरची यमाजींची घामट बंडी ओढली आणि गव्हाणीवरून हळूच बैलाच्या नाकाशी धरली. "बिजल्या, आपलंच मानूस हाय रं."

बैल हुंगत राहिला. शिंगं मागे आली. अन्सार भिंतीला घासत खाली बसला.

संध्याकाळी यमाजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या राव. एक शिंग तांब्याचं जाईल."

"आज सोडलं, तर पुन्हा कुठल्याच गोठ्यात पाय टाकवायचा नाही," अन्सार म्हणाला.

यमाजींनी बैलाचं डोकं छातीशी धरलं. ब्रश इतका थरथरत होता, की उजव्या शिंगावर निळा जागोजाग विरळ लागला आणि खालचं तांबं जाळासारखं दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या घाटात लोक तेच शिंग एकमेकांना दाखवत होते. अन्सार गर्दीच्या पार मागे, बरगडीवर हात ठेवून उभा होता. रतनबाई दिसताच म्हणाला, "वहिनी, पुढच्या साली घोंगडं धुऊ नका. तेवढं सांभाळा."