इथे एकदाच विचारतात

तिच्या आवाजाला वास आहे. उन्हात तापलेल्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. थोडा धुळीचा, थोडा तेलाचा, थोडा कुणीतरी जपून ठेवलेल्या कपड्यांचा. जानेवारीतल्या एका सकाळी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या स्टेशनबाहेर बसच्या रांगेत उभी असताना तो इअरफोनमधून पहिल्यांदा आला, आणि समोरचं करडं आकाश, करडी पार्किंगची इमारत, करड्या कोटांतली माणसं, सगळं क्षणभर मागे सरकलं. बाई म्हातारी आहे हे लगेच कळत होतं. वरच्या सुराला जाताना आवाज मध्येच फाटत होता, पण ती त्या फाटण्याला घाबरत नव्हती. फाटलेल्या जागेतूनच पलीकडे जात होती. मला तो आवाज फार आवडला, असं मी लिहिणार होते. पण खरं सांगू का, आवडण्याच्याही आधी मला तिचा हेवा वाटला.

तिचं नाव मी सांगणार नाही. अमेरिकेतली गायिका आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की तुम्ही आजच शोधून ऐकाल, तुम्हाला ती आवडेल, आणि मग ती थोडी तुमचीही होईल. हेवा आणि मालकी यांचं असं विचित्र नातं असतं. जिच्यावर आपण मनातल्या मनात जळतो, तिला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायलाही आपली तयारी नसते.

तेव्हापासून मी तिच्या आयुष्याचा माग काढते आहे. दक्षिणेकडच्या एका लहान गावातल्या चर्चमध्ये तिची आई ऑर्गन वाजवायची आणि ही मुलगी बाकावर उभी राहून गॉस्पेल, म्हणजे तिकडची भक्तिगीतं, म्हणायची. मग ती शहरात गेली आणि पॉप गायला लागली. ही पॉपची वर्षं मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहेत, कारण तिथे तिला नावं ठेवता येतात. केस फुगवलेले, अंगावर टिकल्यांचा झगा, मागे विनाकारण उडणारा धूर. त्या रेकॉर्डमध्ये तिचा श्वास ऐकू येत नाही. कुणीतरी तो पुसून टाकला आहे. पण मधूनच एखादा सूर असा काही लागतो की माझी टीका तोंडातच राहते, आणि मी चिडून व्हिडिओ बंद करते.

ती लाट ओसरली. कंपनीने तिला सोडलं. एवढ्यावर एखादी घरी बसली असती. ही उठली आणि कंट्रीकडे वळली. शेतं, लांब रस्ते, मोडलेले संसार, असली गाणी गाणाऱ्यांच्या दुनियेत. त्या लोकांनी आधी नाकं मुरडली. ही झगमगाटातली बाई, हिला आमच्या मातीचं काय कळणार? तिने वाद घातला नाही. एका उंच स्टुलावर बसली, गिटार मांडीवर घेतली आणि गात राहिली. काही वर्षांनी तेच लोक म्हणू लागले की ती पहिल्यापासून आमचीच होती. आणि आता, आवाज फाटू लागल्यावर, ती पुन्हा गॉस्पेलकडे आली आहे. बाकावरून सुरू झालेला प्रवास पुन्हा बाकाशी. पण जाताना होती ती पोर, आणि परत आलेली ही बाई जगाला तीनदा जिंकून आलेली.

एका गळ्याला तीन घरं मिळावीत, आणि तिन्ही घरांत तिने चप्पल काढून सरळ आत जावं, याचा हेवा कुणाला वाटणार नाही? मी तर दोन उंबरठ्यांवरच आयुष्य काढलं. पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले आणि संध्याकाळी गाण्याच्या बाईंकडे गाणं. भावगीत म्हटलं की लोक म्हणायचे, "गोड गातेस गं, पण उच्चार जरा कॉन्व्हेंटचे येतात." शाळेत इंग्रजी गाणं म्हटलं की मैत्रिणी म्हणायच्या, छान, पण तू ते क्लासमधल्यासारखं गातेस. दोन्ही बाजूंनी हसून सांगायचे. मीही हसायचे. नोकरीसाठी इथे आले तेव्हा वाटलं, आता तिसरा उंबरठा.

तिची एक जुनी मुलाखत आहे. विचारणारा पुन्हा पुन्हा विचारतो की एवढे बदल करायचं धैर्य तुम्ही आणलंत कुठून. ती खांदे उडवते. कुणीतरी विचारलं, गाशील का, आणि मी हो म्हटलं, एवढंच तिचं उत्तर. मी तो तुकडा थांबवून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. इतकं सोपं असतं?

कारण आमच्याकडे ते इतकं सोपं कधीच नव्हतं. सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर सगळे जमले की कुणीतरी म्हणणार, आता हिचं गाणं होऊ दे. आपण म्हणायचं, नको, सराव नाही. ते म्हणणार, असं काय करतेस, गा की. आपण म्हणायचं, घसा बसलाय. मग एखाद्या काकू हाताला धरून मध्ये आणून बसवणार, आणि तेव्हा कुठे आपण पदर, ओढणी, जे काही असेल ते सावरून डोळे मिटायचे. एकदा मी पहिल्याच हाकेला उठले होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "जरा थांबायचं तरी. लोक म्हणतील, ही टपलेलीच होती." त्यानंतर मी कायम थांबले. आग्रह ही आमच्याकडे गाण्याचीच पहिली ओळ असते. ती दुसऱ्यांनी म्हणायची असते.

ब्रॅकनेलमध्ये आमच्या ऑफिसजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी एक क्वायर, म्हणजे समूहगायनाचा गट, भरतो. कुणीही यावं, कुठल्याही धर्माचं. माझी हाउसमेट ईशा मला तिथे घेऊन गेली. ईशा लंडनच्या क्रॉयडनची, तिथेच जन्मलेली, आईबाबा दादरचे. ती मराठी भरभर बोलते आणि शब्दांच्या लिंगांची फार चिंता करत नाही. क्वायर घेणाऱ्या पॉलीन या साठीच्या, रुंद हसणाऱ्या बाई. ईस्टरनंतरच्या कार्यक्रमासाठी त्यांनी गाणं निवडलं, आणि पियानोवर पहिले सूर वाजताच मी ते ओळखलं. तिचंच गाणं होतं, त्या माझ्या बाईचं. त्यात एक सोलो आहे, आणि त्या सोलोत एक जागा आहे, जिथे ती एका सुरावरून दुसऱ्यावर पायऱ्या न मोजता घसरत जाते. आम्ही त्याला मींड म्हणतो. पुण्यात गाण्याच्या बाईंनी ती माझ्याकडून कित्येक संध्याकाळी घोटून घेतली होती. हॉलमधल्या कुणाच्याही गळ्यात ती नव्हती.

पॉलीननी मला चहाच्या टेबलापाशी गाठलं. "सोलो घेशील का, लव्ह?"

मी म्हणाले, "ओ नो, नो. दुसऱ्या कुणीतरी घ्यावा." आणि मान खाली घालून थांबले. पुढच्या वाक्यासाठी.

"नो प्रेशर ॲट ऑल, डार्लिंग," त्या म्हणाल्या, माझ्या दंडावर प्रेमाने थोपटलं आणि बिस्किटांच्या डब्याकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने त्यांनी माझा मान राखला होता. इथे आग्रह न करणं हीच सभ्यता आहे; एकदा विचारतात, आणि तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवतात. पलीकडून ईशाचा आवाज आला, "आय'ल हॅव अ गो." तिला एकदासुद्धा विचारावं लागलं नाही.

त्यानंतरचे आठवडे मी तुम्हाला कसे सांगू? आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. ईशा आंघोळ करताना गायची, कांदा चिरताना गायची, आणि दर वेळी त्या जागेपाशी येऊन अडखळायची. ती घसरण्याऐवजी उडी मारायची. चूक कुठे आहे मला नेमकं कळत होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहायचे. आवाज तिचा गोड आहे, मोकळा आहे, हे मान्य करताना माझ्या जिभेवर कडवट चव यायची. अमेरिकेतल्या त्या बाईचा हेवा करणं सोपं होतं; ती दूर होती, थोर होती. ही माझ्याच फ्रिजमधलं दूध संपवत होती.

एकदा गाडीत ती म्हणाली, "खरं सांगते, तुझी आवाज माझ्यापेक्षा बेटर आहे. मला वाटलं तू घेशील."

"छे गं, तूच छान गातेस," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मार्चमधल्या एका रविवारी तिने मला क्रॉयडनला घरी जेवायला नेलं. समोरून ट्राम जाते, तेव्हा खिडकीच्या काचा बारीक थरथरतात. तिची आई, म्हणजे काकू, थालीपीठं लावत होत्या आणि गरम तव्यावरून थेट ताटात वाढत होत्या. बोलणं सगळं कार्यक्रमाचं. काकूंनी ईशाच्या मावशीला सांगितलं होतं, शेजारच्या बाईंना सांगितलं होतं, लेस्टरच्या आत्यालाही येण्याचं कबूल करायला लावलं होतं. "आमच्या ईशाने कधी स्टेजवर एकटीने काही केलं नाही हो," त्या मला म्हणाल्या. "तू पण आहेस ना गं तिच्या मागे?"

"हो काकू, मागे आहे," मी म्हणाले.

त्यांनी आणखी एक थालीपीठ पुढे केलं. मी ताटावर हात आडवा धरला. "नको काकू, खरंच पोट भरलं."

"असं कसं? एवढुसं तर आहे."

"नको, नको."

"आई, शी सेड नो. ट्वाइस," ईशा म्हणाली. "फोर्स नको ना करूस."

"तू गप. तुला काय कळतंय. पहिलं नको म्हणजे जेवायच्या आधी हात धुणं. त्याने काही जेवण होत नाही." आणि माझ्याकडे वळून, "घे गं."

मी हात बाजूला केला. थालीपीठ ताटात पडलं, वर लोण्याचा गोळा. मी लगेच तुकडा मोडला. खरं तर मला ते पहिल्यापासून हवं होतं.

ईशा माझ्याकडे बघत होती. आधी हसत, मग न हसता. तिच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट जुळत जाताना मला दिसत होती आणि मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं.

"वेट," ती म्हणाली. "पॉलीनला पण तू असंच नो म्हणालीस? म्हणजे तुला पाहिजे होता?"

घास माझ्या तोंडात होता. माणसाने इतकी वर्षं जपून झाकलेलं काहीतरी असं लोणी वितळण्याच्या वेळात उघडं पडावं!

"सांग ना. तुला सोलो हवा आहे का? हवा असेल तर घे. आय मीन इट."

मी निरखून पाहणारी मुलगी आहे; बोलत नाही म्हणून पाहते. ईशाने चमचा घट्ट धरला होता. पाठ ताठ झाली होती. शेवटची वडी पाहुण्यापुढे करताना घरातल्या मुलाचा जसा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता. आणि मला कळलं की आयुष्यात पहिल्यांदाच ही मुलगी आमच्या पद्धतीने विचारते आहे. आता मी नको म्हणायचं होतं. तिने अगं घे ना म्हणायचं होतं. मी पुन्हा नको म्हणायचं होतं, आणि सोलो तिच्याकडेच राहायचा होता, आणि काकूंनी आम्हा दोघींकडे कौतुकाने पाहायचं होतं. मला सगळ्यांच्या ओळी पाठ होत्या.

"हो," मी म्हणाले. "हवाय."

काकूंचा हात तव्यापाशी थबकला. बाहेरून ट्राम गेली असावी, कारण काच थरथरली. मग काकू म्हणाल्या, "बरं. खा, गार होतंय," आणि मला पुन्हा वाढलं नाही.

गुरुवारी ईशानेच पॉलीनना सांगितलं, हसत, माझी पाठराखण करत, जसं काही ते तिलाच सुचलं होतं. पॉलीन म्हणाल्या, "लव्हली. फ्रॉम द टॉप, देन," आणि त्यांना आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं. मी पुढे जाऊन उभी राहिले. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत आवाजाला पायाखाली जमीन सापडली. मग ती जागा आली, आणि मी घसरले. सावकाश, न मोजता, बाईंनी शिकवलं होतं तशी. हॉलमधली चुळबुळ थांबली. पॉलीननी पियानोवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात माझ्या मानेवर, केस जिथे सुरू होतात तिथे, काहीतरी टेकल्यासारखं झालं. मागच्या रांगेत ईशा उभी होती. वळून पाहायची मला गरज नव्हती. एखादा आवाज आवडतो, मान्य करावासा वाटत नाही, आणि तरी ऐकल्यावाचून राहवत नाही, तेव्हा माणूस कसं पाहतो हे मला फार चांगलं ठाऊक आहे. त्या थोर बाईच्याही मागे, चर्चमध्ये, झगमगाटात, स्टुलामागच्या अंधारात, दर वेळी असं कुणीतरी उभं असणारच. तिने कधी मागे पाहिलं असेल का?

मी वाट पाहत होते की आता मला वाईट वाटेल. पियानो पुढे सरकला. मी श्वास घेतला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतका मोठा, आणि पुढचं कडवं उचललं.